आय-२९ पाणबुडी : नेताजींच्या प्रवासाआधी आणि नंतर

नेताजींना जपानकडे घेऊन जाणाऱ्या पाणबुडीने त्याखेरीज काय केले आणि पुढे तिचे काय झाले, असे आपण विचारले आहे. या पाणबुडीचे, आय-२९ चे, नाव आपल्याकडे त्या एका प्रवासापुरतेच घेतले जाते. तिची बाकीची कारकीर्द मात्र आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

फेब्रुवारी १९४२ मध्ये ती जपानी नौदलात दाखल झाली. तिच्यावर घडी घालून ठेवता येणारे छोटे विमान असे, आणि मे महिन्यात त्याच विमानाने सिडनी बंदराची टेहळणी केली. त्यानंतर तिने हिंदी महासागरात व्यापारी जहाजांची शिकार आरंभली. मुंबईहून मोंबासा-दरबानकडे निघालेले 'तिलावा' हे प्रवासी जहाज तिने २३ नोव्हेंबर १९४२ रोजी अरबी समुद्रात बुडवले. पहिल्या टॉर्पेडोनंतर जहाज तरंगत राहिलेले पाहून होड्यांत उतरलेले काही जण परत जहाजावर चढले आणि तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो आदळला. २८० जण दगावले. त्यांत बहुसंख्य भारतीय होते. वाचलेल्या बहुतेकांना 'बर्मिंगहॅम' या ब्रिटिश युद्धनौकेने मुंबईत परत आणले.

या घटनेला जेमतेम पाच महिने झाले असताना, एप्रिल १९४३ मध्ये, मादागास्करच्या आग्नेयेला त्याच पाणबुडीने नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन यांना यू-१८० या जर्मन पाणबुडीवरून आपल्याकडे घेतले. समुद्र खवळलेला असल्याने दोघांना रबरी तराफ्यावरून, चिंब भिजत, यावे लागले. मोबदल्यात दोन जपानी अधिकारी आणि सुमारे दोन टन सोने जर्मनांकडे गेले. सुमात्राजवळच्या साबांगला नेताजी उतरले. या प्रवासाखातर 'तिलावा' बुडवल्याचे माफ करावे किंवा उलट 'तिलावा'वरून नेताजींना बोल लावावा, हे दोन्ही मला गैर वाटते.

पुढे किनाशी ताकाकाझु हे आय-२९ चे कप्तान झाले. 'वॉस्प' ही अमेरिकन विमानवाहू नौका बुडवणारे अधिकारी ते हेच. रबर, कथील, टंगस्टन आणि क्विनाइन घेऊन ते मार्च १९४४ मध्ये फ्रान्समधील लोरियाँला पोहोचले आणि परतताना त्यांनी जर्मन जेट व रॉकेट इंजिनांची माहिती आणली. अमेरिकनांनी जपानी सांकेतिक संदेश उलगडलेले असल्यामुळे पाणबुडीचा मार्ग त्यांना ठाऊक होता. २६ जुलै १९४४ रोजी फिलिपिन्समधील लुझॉन बेटाच्या उत्तरेस बालिंतांग खाडीत 'सॉफिश' या अमेरिकन पाणबुडीने ती बुडवली. एकच खलाशी वाचला. तिच्यातून परतणारे इवाया नावाचे अधिकारी मात्र काही आराखडे घेऊन सिंगापूरलाच उतरून विमानाने जपानला गेले होते, आणि त्या आराखड्यांच्या आधारे तयार झालेले 'किक्का' हे जेट विमान ७ ऑगस्ट १९४५ रोजी प्रथम उडाले.