चूक माझीच ना?

‘मॅडम, बारा वर्षं झाली पुस्तकं करतेय. आता साधे अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे चुकतात. माझं डोकं चालेनासं झालंय का?’

एका प्रकाशन संस्थेत संपादक असलेल्या या बाईंनी आल्या आल्या हेच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) खर्चकपात चाललेल्या ठिकाणचे जे कुणी समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांना हीच काळजी खात असते: मीच कमी पडतेय.

मी विचारलं, ‘पूर्वी अशी चूक कोण पकडायचं?’

‘मुद्रितशोधक. दोघं होते,’ त्या म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

दोघांनाही दीड वर्षापूर्वी कमी केलं होतं. मांडणी करणारा सोडून गेला, त्याची जागा भरलीच नाही. छपाईच्या तारखा मात्र त्यांचे वरिष्ठ, म्हणजे ‘सर’, या बाईंना न विचारता परस्पर जाहीर करायचे, आणि पुस्तक हातात आलं की चूक यांच्या नावावर.

आपणच दहादा हात फिरवलेला मजकूर तपासताना मन कागदावरचं वाचत नाही, तिथे जे असायला हवं ते वाचतं. भल्याभल्यांचं हे होतं. म्हणून तर प्रुफं दुसऱ्याकडे देतात. संस्थेने ते दुसरे डोळेच काढून घेतले होते, आणि या बाई रात्री अडीचला उठून फोनवर पानं तपासत होत्या. हस्तलिखित उघडायचा कंटाळा येतो, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. पुस्तकांच्या ओढीनेच त्या या कामात आल्या होत्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. पार थकून जाणं, कामावरून मन उडणं, आपल्याकडून काही नीट होत नाही असं वाटणं. तिन्ही यांच्यात दिसत होतं. झोपेसाठी मी त्यांना डॉक्टरांकडेही पाठवलं.

मग दोन आठवडे त्यांनी रोजचं काम वहीत लिहिलं: काय केलं, किती वेळ गेला, पूर्वी ते कुणाकडे होतं. वही वाचताना म्हणाल्या, ‘तीन खुर्च्यांवर बसतेय की मी.’

त्यावरून आम्ही सरांना मेल लिहिली. ‘या महिन्यात तीन पुस्तकं आहेत. दुसऱ्या कुणी प्रुफं न वाचता छपाईला द्यायची असतील, तर तसं लेखी कळवावं.’ याने व्यवस्थापन सुधारेल अशी आशा धरू नका, हे मी आधीच बजावलं होतं. तसंच झालं. सर चिडले, एक तारीख दहा दिवस पुढे गेली, बाकीच्या दोन पुस्तकांना ‘तशीच पाठवा’ असं उत्तर आलं.

त्या अजून तिथेच आहेत. दुसरीकडे अर्ज करताहेत. मागच्या भेटीत म्हणाल्या, ‘परवा पुन्हा एक चूक छापली गेली. सरांना त्यांचंच उत्तर दाखवलं, आणि घरी जाऊन झोपले.’