वलगण आणि चढण: एकाच सूत्रातले दोन शब्द

प्रश्न असा आला आहे: पावसाळ्याच्या तोंडाशी नदी-ओढ्यात मासे धरायच्या जुन्या आठवणी सांगताना कुणी 'वलगणीला जायचो' म्हणतं, तर कुणी 'चढणीचे मासे' म्हणतं. हे एकच का? आणि 'वलगण' हा शब्द 'वल्गना'वरून आला का?

गोष्ट एकच आहे. 'वल्गना'शी मात्र तिचं नातं दिसत नाही.

आधी प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू. मृगाचा पहिला दणदणीत पाऊस पडला, ओढ्याला गढूळ लोंढा आला, की गोड्या पाण्यातले कित्येक मासे प्रवाहाच्या उलट निघतात. पोटात गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, असते आणि अंडी घालायला उथळ, नवं पाणी हवं असतं. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पऱ्ह्यात, म्हणजे लहान ओहोळात, तिथून थेट भाताच्या खाचरात. मळे, शिवडे, शिंगट्या हे मासे अशा वेळी हाताने धरता येतात, इतक्या उथळ पाण्यात येतात. रात्री चुडी किंवा गॅसबत्त्या घेऊन आख्खी वाडी बांधांवर उतरायची, ती यासाठीच. ठाणे, पालघर, रायगड या पट्ट्यात याला वलगण म्हणतात. घाटावर आणि दक्षिण कोकणात चढण.

आता व्युत्पत्ती. 'वल्गना'चा संस्कृत धातू 'वल्ग्' म्हणजे उड्या मारणं. मासे उड्या मारत वर जातात, म्हणून वलगण, हा तर्क ऐकायला गोड आहे. पण संस्कृतातलं 'ल्ग' प्राकृतात 'ग्ग' होतं. 'वल्गा' म्हणजे लगाम, त्याचं प्राकृतात 'वग्गा' झालं आणि पुढे 'बागडोर'मधला 'बाग'. त्या वाटेने आलेल्या शब्दात 'ल' उरला नसता. 'ओढ्याकडे वळणारे मासे' म्हणून 'वळणे'वरून वलगण, असंही सुचवलं जातं. त्यात मधल्या 'ग'चा हिशेब लागत नाही.

मला पटणारं उत्तर हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात आहे. 12व्या शतकातल्या या गुजराती पंडिताने संस्कृत धातूंना प्राकृतात कोणते पर्याय आहेत हे सूत्रांत बांधून ठेवलं. 'आरुह्' म्हणजे चढणे, याला त्याने दोन पर्याय दिले आहेत: 'चड' आणि 'वलग्ग'. एकाच सूत्रात, शेजारी शेजारी. 'चड'चं आपलं 'चढणे' झालं. 'वलग्ग'चं जुन्या मराठीत 'वळघणे' झालं, चढणे किंवा आरूढ होणे या अर्थाने. ते ज्ञानेश्वरीत भेटतं. गुजरातीत त्याच घरातलं 'वळगवुं' आजही रोजच्या वापरात आहे, फक्त अर्थ चिकटणे, बिलगणे असा. म्हणजे 'वलगण' आणि 'चढण' हे एकाच क्रियेचे दोन जुने पर्याय आहेत आणि आठ-नऊशे वर्षांनंतरही दोन वेगवेगळ्या मुलखांत एकाच माशाच्या मागे उभे आहेत. मला हे विलक्षण वाटतं.

मग 'ळ'चा 'ल' कसा झाला? उत्तर कोकणातल्या आगरी-कोळी बोलींत 'ळ'च्या जागी 'ल' येतोच: डोळा तिथे 'डोला', कोळी 'कोली'. म्हणून 'वलगण'ला अशुद्ध समजून 'वळगण' असं दुरुस्त करायला जाऊ नये. शब्द ज्यांनी जपला, त्यांच्या तोंडचं रूप तेच खरं.

वापरात थोडा फरक आहे. 'चढणीचे मासे' म्हटलं की डोळ्यांसमोर मासे येतात. 'वलगण' हा मात्र प्रसंग आहे: पाऊस, लोंढा, मासे आणि धरणारी माणसं, सगळं मिळून. म्हणून 'वलगणीला गेलो' हे सहज येतं, 'चढणीला गेलो' म्हटलं तर ऐकणाऱ्याला घाट आठवेल.

जाता जाता, अशाच आठवणींत 'गरवायला बसणे' हाही प्रयोग येतो. गरी म्हणजे गळ, तिच्यावरून गरवणे. तसंच फेकायचं जाळं म्हणजे पाग, त्यावरून पागणे. साधनाच्या नावाला थेट क्रियापद करायची ही कोकणी सवय लिहिण्यातही उचलावी अशी आहे.

आठवणी लिहिणाऱ्यांना एक विनंती. 'वलगण' लिहा, पण कंसात 'पावसाळी मासेमारी' असा अर्थ देऊन थांबू नका. मासे कुठून कुठे चढत, कोणते असत, ते सांगा. आता बंधाऱ्यांनी वाटा अडल्या आहेत, शेतातली औषधं ओढ्यांत उतरतात, आणि अंडी घालण्याआधीच गाभोळीचे मासे धरले गेल्याने ओढ्यांत ते कमी होत गेले. ज्या मुलाने मासा उलट्या पाण्यात चढताना पाहिलेलाच नाही, त्याला हा शब्द तुमच्या वर्णनातूनच कळणार आहे.