भावाने हेल्मेट घातलं नव्हतं, अपघातात गेला. विमा कंपनी म्हणते निम्मी चूक त्याची. भरपाई निम्मीच मिळणार का?

कंपनीचा वकील ५० टक्क्यांपासूनच सुरुवात करतो, मंडईत आधी चढा भाव सांगतात तसा. चूक मयताची होती हे शाबीत करायचं ओझं त्यांच्यावर असतं, तुमच्या वहिनीवर नाही.

आमचा दादा ऑगस्ट २०१९ मध्ये पुण्यात सोलापूर रस्त्यावर, पंधरा नंबरच्या पुढे गेला. ट्रकने इंडिकेटर न देता डावीकडे वळण घेतलं, हा डाव्या बाजूने चालला होता. हेल्मेट दुकानात खुंटीला. तेरावं झालं त्याच संध्याकाळी थोरले मामा म्हणाले, "हेल्मेट नव्हतं ना? मग मिळेल ते घ्या आणि गप्प बसा." हेच मामा त्याच वर्षी जानेवारीत हेल्मेटसक्तीविरोधी मोर्चात घोषणा देत होते!

पुढे लोक अदालतीत कंपनीने १४ लाख देऊ केले. शिवाजीनगर कोर्टाच्या व्हरांड्यात मामांनी स्वतःचं पेन उघडून वहिनीच्या हातात दिलं. वहिनीने ते टोपण लावून परत केलं. तिच्या पिशवीत पोस्टमॉर्टेमची नक्कल होती. दहावी शिकलेली बाई, पण आदल्या रात्री तिने एकेक रकाना पेन्सिलने खुणा करत वाचला होता. डोक्याच्या रकान्यात इजा नाही. मृत्यूचं कारण छाती-पोटावरून गेलेलं चाक. मग हेल्मेट असतं तर काय वाचलं असतं? नियम मोडला एवढ्यावर निष्काळजीपणा ठरत नाही, त्या नियमभंगाचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दाखवावा लागतो. तिघे बसलेल्या दुचाकीबद्दल सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये मोहम्मद सिद्दीक प्रकरणात हेच सांगितलंय.

आता हिशेब बघा, म्हणजे टक्क्याची किंमत कळेल. दादा ३८ वर्षांचा, उत्पन्न रिटर्नप्रमाणे महिना १८,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून सुप्रीम कोर्टाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २५,२००. मागे वहिनी, दोन मुलं, आई असे चौघं, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा: १८,९००. वर्षाचे २,२६,८००. सुप्रीम कोर्टाच्याच सरला वर्मा निकालातल्या (२००९) तक्त्यात ३६ ते ४० वयाला गुणक १५, म्हणजे वर्षाची रक्कम गुणिले पंधरा. झाले ३४,०२,०००. म्हणजे एकेक टक्का ३४ हजारांचा, आणि मामा चौदा लाखांवर निम्म्याहून जास्त सोडायला निघाले होते.

पंचनाम्यातही गंमत होती. नकाशात दुचाकी रस्त्याच्या मधोमध दाखवलेली. आमच्या वकिलांनी तपास अधिकाऱ्याला विचारलं, मोजमाप टेपने घेतलं का? साहेब म्हणाले, "अंदाजे." ट्रक ड्रायव्हरला कंपनीने साक्षीला आणलंच नाही. नुसत्या नकाशातल्या जागेवरून मयताची चूक ठरवता येत नाही, हेही सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये जिजू कुरुविला प्रकरणात म्हटलेलं आहे.

तरी डावीकडून पुढे जात होता म्हणून कोर्टाने २० टक्के कापलेच. मला ते अजून खुपतं, पण वळणाऱ्या ट्रकच्या आत घुसायला नको होतं हे मी नाकारत नाही. हातात आले २७,२१,६००, बाकी किरकोळ रकमा आणि अर्ज दाखल केल्यापासूनचं व्याज वेगळं. मामा आजही लग्नकार्यात सांगतात, "तीन वर्षं आधी चौदा मिळत होते." मामा, हे उत्तर कोणी तुम्हाला दाखवलंच, तर वरचा हिशेब सावकाश वाचा.

आता तुमचं. भाऊ डोक्याच्या माराने गेला असेल तर हेल्मेटचा मुद्दा चावेल, काही टक्के जाऊ शकतात, माझ्या भरवशावर राहू नका. तो मागे बसला होता की चालवत होता हे तुम्ही लिहिलं नाही. मागे बसला असेल तर चालवणाऱ्याची चूक त्याच्या माथी येत नाही. आणि १ एप्रिल २०२२ नंतरचा अपघात असेल तर कायद्यात अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे. तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी पोस्टमॉर्टेमची नक्कल काढून डोक्याचा रकाना वाचा, आणि वहिनींनाही वाचू द्या.