व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन) एकच असेल तर प्लॅन तिच्यापासूनच लाव

भावा, वर्कशॉपच्या कामाचं प्लॅनिंग कसं करायचं विचारतोयस ना, तर सॉफ्टवेअर नंतर घे, आधी भिंतीवर पांढरा बोर्ड लाव. आणि शिफ्ट ८ तासांची असली तरी मशीनचा हिशोब ६ चाच धर, चहा, टूल बदलणं, इन्स्पेक्शन यात बाकीचे जातातच. २०० पीस, एका पीसला ६ मिनिटं सायकल म्हणजे २० तास, वर सेटिंगचे २, म्हणजे चार दिवस गेले समज, पार्टीला तीन सांगू नकोस. एकाच फिक्श्चरचे (पीस पकडून ठेवणारा साचा) जॉब लागोपाठ घे. हीट ट्रीटमेंटला (तापवून कडक करायला) बाहेर जाणारा माल पहिला काढ, तो परत येईपर्यंत बाकीचं उरकतं (मी उलटं करायचो, परत आलेला माल घासणारा ग्राइंडरवाला नुसता बसून असायचा). पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत असशील तर गुरुवार, म्हणजे तिथला सुट्टीचा वार, प्लॅनमध्ये धरूच नको.