भाच्याने आणलेला जुना ब्राउझर

प्रश्न : नमस्कार ताई. मी मुद्रितशोधक आहे. आठ वर्षं एकाच ब्राउझरवर काम करतोय. गेल्या आठवड्यात सकाळी संगणक उघडला, तर ब्राउझर रातोरात अपडेट झालेला. टॅब वेगळे दिसतात ते एक वेळ चालवून घेतलं असतं, पण माझं एक एक्स्टेंशन बंद पडलं. मजकुरातल्या दुहेरी मोकळ्या जागा आणि डोळ्यांना न दिसणारी जोडचिन्हं ते लाल रंगात दाखवायचं. माझं अर्धं पोट त्याच्यावर चालतं. आता यादीत त्याचं नाव फिकट झालंय आणि खाली ‘या आवृत्तीशी जुळत नाही’ अशा अर्थाची ओळ आहे. माझ्या भाच्याने कुठल्याशा साइटवरून १०२ नंबरचं जुनं व्हर्जन आणून चढवलं. ते उघडताच एक चौकट आली : तुम्ही जुनी आवृत्ती उघडली आहे, नवीन प्रोफाइल बनवा, नाहीतर बाहेर पडा. तिसरं बटणच नाही. भाच्याने ‘नवीन’वर दाबलं आणि माझे सगळे बुकमार्क, सगळे पासवर्ड गेले. आता तो म्हणतो, सगळं डिलीट करून पुन्हा इन्स्टॉल करू. करू का?
– एक वाचक

उत्तर : नका करू. हे उत्तर वाचून होईपर्यंत भाच्याला संगणकापासून लांब ठेवा. पोरगा मदतीला धावला याबद्दल त्याला चहा द्या, पण माउस देऊ नका.

ब्राउझरचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण ती दोन बटणांची चौकट आणि १०२ हा आकडा यांवरून तो फायरफॉक्स आहे हे कळतं. तुमचे बुकमार्क कुठेही गेलेले नाहीत. फायरफॉक्स दोन ठिकाणी राहतो. एक म्हणजे प्रोग्राम, जो भाच्याने बदलला. दुसरं प्रोफाइल नावाचं फोल्डर. बुकमार्क, इतिहास, पासवर्ड, एक्स्टेंशन, तुमच्या आठ वर्षांच्या सगळ्या सवयी त्यात असतात. भाच्याने बटण दाबलं तेव्हा शेजारी एक नवं, रिकामं फोल्डर तयार झालं आणि फायरफॉक्स त्यात जाऊन बसला. जुनं फोल्डर जागच्या जागी आहे. म्हणून ‘सगळं डिलीट’ करण्याला माझा नकार. त्या सपाट्यात खरं फोल्डरही जाऊ शकतं.

आता हे करा. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या अधिकृत साइटवरून आजची ताजी आवृत्ती घ्या आणि १०२ वरच चढवा. आधी काही काढून टाकायची गरज नाही. (मधल्या काळात १०२ स्वतःहून अपडेट झाली असेल तर काम वाचलं.) उघडल्यावर अजूनही रिकामं घरच दिसेल, घाबरू नका. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, मग अपूर्णविराम, मग ‘प्रोफाइल्स’ असं इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करा आणि एंटर दाबा. एक साधं, कुरूप पान उघडेल. त्यावर दोन किंवा तीन प्रोफाइल दिसतील. जिच्याखाली ‘ही सध्या वापरात आहे’ असं लिहिलंय ती भाच्याची. तुमची बहुधा ‘डिफॉल्ट-रिलीज’ नावाची असेल. तिच्याखालचं ‘लाँच प्रोफाइल इन न्यू ब्राउझर’ हे बटण दाबा. दुसरी खिडकी उघडेल आणि तीत तुमचे बुकमार्क असतील. खात्री पटली की त्याच पानावर ‘सेट ॲज डिफॉल्ट प्रोफाइल’ दाबा. पुढच्या वेळेपासून फायरफॉक्स तुमच्याच घरात उघडेल. तिथेच ‘रिमूव्ह’ असंही एक बटण आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

त्या चौकटीवर तुमचा राग दिसतो. मला मात्र तिच्याबद्दल जिव्हाळा आहे. ती मे २०१९ मध्ये, फायरफॉक्स ६७ पासून आली. त्याच्या आधी जुनी आवृत्ती चढवली की ती नव्या आवृत्तीने वापरलेल्या प्रोफाइलमध्ये बिनदिक्कत शिरायची. खतावणीचं उदाहरण घ्या. नव्या कारकुनाने वहीत दोन रकाने वाढवले. त्याला जुनी पानंही वाचता येतात, कारण ती कशी लिहिली होती हे त्याला ठाऊक आहे. उद्या जुना कारकून परत आला तर त्या वाढीव रकान्यांचं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. तो चुकीच्या जागी आकडे भरतो, आणि वही दोघांच्याही कामाची राहत नाही. बुकमार्क आणि इतिहास एका डेटाबेसच्या फाइलमध्ये असतात आणि नवी आवृत्ती त्या फाइलची मांडणी बदलू शकते. वर चढताना हे आपोआप होतं, उतरताना कुणी हात धरत नाही.

मी हे स्वतः भोगलंय. ब्राउझर कोणता ते सोडा, चूक माझीच होती. एका अपडेटने माझी टूलबार विस्कटली म्हणून रागारागात एक पाऊल मागे गेले, प्रोफाइलची प्रत न काढता. उघडलं तर बुकमार्कांचा मेनू पांढराफटक. दुपारभर शोधाशोध केल्यावर प्रोफाइलच्या आत ‘बुकमार्कबॅकअप्स’ नावाचं छोटं फोल्डर सापडलं, त्यात तारखा घातलेल्या फाइली. ब्राउझर स्वतःच मुकाट्याने बुकमार्कांच्या प्रती ठेवत होता. शेवटच्या तारखेची फाइल परत घातली आणि बुकमार्क आले. इतिहास आला नाही. तेव्हापासून कुणी ‘डाउनग्रेड’ म्हटलं की मी आधी विचारते : ब्राउझर बंद करून प्रोफाइलचं अख्खं फोल्डर कॉपी केलंत का? अख्खंच हवं, कारण पासवर्ड एका फाइलमध्ये असतात आणि त्यांची किल्ली दुसऱ्या. एकच उचलली तर कुलूप उघडत नाही.

आता १०२ कडे येऊ. ती आवृत्ती जून २०२२ ची. तुम्ही मागे गेलात ते एका एक्स्टेंशनसाठी, आणि नेमकं १०२ मध्ये ते चाललंच नसतं. एक्स्टेंशन खरं आहे की कुणी फेरफार केलेलं, हे फायरफॉक्स सहीवरून तपासतो. ती सही तपासण्यासाठी ब्राउझरच्या पोटात एक मूळ प्रमाणपत्र असतं. जुन्या आवृत्त्यांमधल्या या प्रमाणपत्राची मुदत १४ मार्च २०२५ ला संपली. १२८ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये (११५ च्या लांब मुदतीच्या, म्हणजे फक्त दुरुस्त्या मिळत राहणाऱ्या मालिकेत ११५.१३ च्या आधी) त्यानंतर एक्स्टेंशन बंद पडतात. म्हणजे भाच्याने तुम्हाला अशा घरात नेलं जिथे तुमचं एकच नाही, सगळीच एक्स्टेंशन झोपलेली.

आणि सुरक्षेचं म्हणाल, तर सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी नावाच्या चित्रप्रकाराच्या कोडमध्ये एक भोक सापडलं. ब्राउझरने मुद्दाम बिघडवलेलं एक चित्र दाखवायला घेतलं की पुरे, कुठे क्लिक करायचीही गरज नव्हती. दुरुस्ती येण्याच्या आधीच त्याचा गैरवापर सुरू झाला होता. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनाही तातडीने अपडेट काढावं लागलं. फायरफॉक्सची दुरुस्ती ११७.०.१ मध्ये आली, १०२ च्या लांब मुदतीच्या मालिकेत १०२.१५.१ मध्ये. नुसत्या १०२ मध्ये ते भोक आजही उघडं आहे. दुरुस्ती जाहीर झाली की भोक नेमकं कुठे होतं हेही जगाला कळतं, म्हणून जुनी आवृत्ती दर महिन्याला आणखी धोक्याची होत जाते. शिवाय ती ‘कुठल्याशा साइटवरून’ आणलेली! जुनी आवृत्ती लागलीच तर ती मोझिलाच्या स्वतःच्या साठ्यातून, आर्काइव्ह डॉट मोझिला डॉट ओआरजी इथून घ्यायची. तिथे प्रत्येक आवृत्तीचं फोल्डर आहे, त्यात विंडोज, मॅक, लिनक्स अशी पोटफोल्डरं आणि त्याखाली भाषा. मराठीसाठी ‘एमआर’ शोधा. कुठल्याशा साइटवरून आलेली ती फाइल पुसून टाका आणि संगणकाला एकदा अँटिव्हायरस तपासणी लावा.

मग एक्स्टेंशनचं काय? ब्राउझर जुना करण्याआधी तीन दारं ठोठावून बघा. मोझिलाच्या ॲड-ऑनच्या साइटवर तुमच्या एक्स्टेंशनच्या पानावर सगळ्या आवृत्त्यांची यादी असते. लेखकाने नवी काढली असेल तर ती घ्या. बिघाड ब्राउझरच्या नव्हे तर एक्स्टेंशनच्या ताज्या अपडेटमुळे झाला असेल, तर त्याच यादीतून एक्स्टेंशनची जुनी आवृत्ती घ्या आणि त्याचं स्वयंचलित अपडेट तेवढं बंद करा. डाउनग्रेड करायचंच तर ते असं, लहानात लहान गोष्टीचं. दोन्ही जमलं नाही तर तेच काम करणारं दुसरं एक्स्टेंशन शोधा. आणि तिसरं दार म्हणजे भाचा. दुहेरी जागा आणि अदृश्य जोडचिन्हं रंगवणं हे जावास्क्रिप्टच्या थोड्या ओळींचं काम आहे. त्या ओळी एका बुकमार्कच्या पत्त्यात घातल्या की झालं बुकमार्कलेट, पान उघडायचं आणि बुकमार्कवर क्लिक करायचं. काही साइट अशा ओळी चालू देत नाहीत, पण तुमच्या रोजच्या बहुतेक पानांवर चालतील. पुढच्या अपडेटमध्ये मोडण्यासारखंही त्यात फारसं काही नसतं. त्याला तेवढं लिहून द्यायला सांगा, आता माउस देऊ शकता.

अपडेटने दर महिन्याला घर हलतं हे दुखणं मात्र खरं आहे. त्यावर ईएसआर ही लांब मुदतीची आवृत्ती आहे. तीत साधारण वर्षभर फक्त सुरक्षेच्या आणि महत्त्वाच्या दुरुस्त्या येतात, टॅबांचा चेहरा बदलत नाही. तुमच्यासारख्या माणसाने तिथेच राहावं असं माझं मत आहे. फक्त ईएसआरचा नंबर तुमच्या आजच्या आवृत्तीपेक्षा लहान असला तर तीच चौकट पुन्हा येईल. या वेळी ‘नवीन प्रोफाइल’ खुशाल दाबा. त्याआधी नेहमीच्या फायरफॉक्समधून बुकमार्क फाइलमध्ये काढून घ्या, पासवर्डही काढा, आणि नव्या घरात दोन्ही आयात करा. पासवर्डची ती फाइल उघड्या अक्षरांत असते, कुणीही वाचू शकतं. काम झालं की लगेच पुसा आणि कचरापेटीही रिकामी करा.

प्रश्न : क्रोमचं जुनं व्हर्जन अधिकृतपणे कुठे मिळेल?

उत्तर : घरगुती वापरासाठी मोझिलासारखं जुन्या क्रोमचं कपाट गूगलने उघडं ठेवलेलं नाही. कंपन्यांचे व्यवस्थापक धोरणं लावून आपल्या ताब्यातले संगणक मागच्या आवृत्तीवर नेऊ शकतात, ते तुमच्या-माझ्यासाठी नाही. ‘क्रोम फॉर टेस्टिंग’ नावाचा आवृत्तीवार साठा आहे, पण तो वेबसाइट तपासणाऱ्यांसाठी. तो स्वतः अपडेट होत नाही, त्यामुळे त्यात बँकेचं खातं उघडू नका. एखादी साइट क्रोममध्ये मोडलीच असेल तर आधी गुप्त (इनकॉग्निटो) खिडकीत उघडून बघा. तिथे एक्स्टेंशन सहसा बंद असतात. तिथे साइट चालली तर दोष बहुधा एखाद्या एक्स्टेंशनचा किंवा साठलेल्या कुकींचा. माझ्याकडे येणारी निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

प्रश्न : माझा संगणक विंडोज ७ वर आहे. ब्राउझर म्हणतो, आता अपडेट नाही. जुना ब्राउझर वापरत राहू का?

उत्तर : तुमची गोष्ट उलटी आहे, तुम्ही मागे गेला नाहीत, तुम्हाला मागे ठेवलंय. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. फायरफॉक्सची ११५ ईएसआर, जुलै २०२३ ची, आणि तिच्या सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत मोझिलाने नंतर एकापेक्षा जास्त वेळा वाढवली. दोन्हींत निवडायची तर ११५ ईएसआर, आणि तिच्या मालिकेतली अगदी शेवटची. पैशाचे व्यवहार त्या संगणकावरून करू नका.

प्रश्न : फोनवर क्रोम मागे नेता येतो का?

उत्तर : अँड्रॉइडवर क्रोम फोनबरोबरच आलेला असेल तर ॲपच्या माहितीच्या पानावर ‘अपडेट अनइन्स्टॉल करा’ असा पर्याय मिळतो. त्याने तुम्ही थेट फोनबरोबर आलेल्या मूळ आवृत्तीवर जाता, मधली पायरी नाही. आणि प्ले स्टोअरचं स्वयंचलित अपडेट चालू असेल तर थोड्याच वेळात तो पुन्हा वर चढलेला असतो. आयफोनवर हा दरवाजाच नाही.