यिर्मयाच्या पुस्तकातला गदल्या एक की दोन?

आपला प्रश्न असा आहे की, मराठी बायबलमध्ये यिर्मयाच्या ३८व्या अध्यायात यिर्मया संदेष्ट्याच्या जिवावर उठलेला गदल्या आणि ४०व्या अध्यायात ज्याच्याकडे तोच संदेष्टा राहायला जातो तो गदल्या ही एकच व्यक्ती आहे का, आणि या नावाचा नेमका अर्थ काय. व्यक्ती एक नाही, दोन आहेत. जुन्या करारात या नावाचे एकंदर पाच जण आढळतात. दोन अध्यायांच्या अंतराने हे दोघे समोर येत असल्यामुळे गोंधळ होणे साहजिक आहे. मी स्वतः पहिल्या वाचनात असाच फसलो होतो आणि या गदल्याचे मतपरिवर्तन कधी झाले, ते शोधत बसलो होतो.

आधी नाव पाहू. ‘गदल्या’ हा शब्द मराठी कानाला गण्या-बाळ्यासारखा लागतो, पण यातला शेवटचा ‘या’ सलगीचा किंवा तुच्छतादर्शक नाही, तर तो ‘याह’ म्हणजे देवाच्या नावाचे संक्षिप्त रूप आहे. यिर्मया, सफन्या, ओबद्या, जखऱ्या, नहेम्या या सर्व नावांच्या शेवटी तोच आहे. पहिला भाग ‘गादल’ या धातूचा असून त्याचा अर्थ मोठे होणे, वाढणे, थोर असणे असा आहे. बुरुजासाठीचा ‘मिग्दाल’ हा हिब्रू शब्दही याच धातूपासून आला आहे. त्यामुळे संपूर्ण नावाचा अर्थ ‘परमेश्वर थोर आहे’ असा होतो. ‘परमेश्वराने थोर केले’ असाही अर्थ काही ठिकाणी दिलेला आढळतो, पण नावातील स्वररचना पाहता मला पहिला अर्थ अधिक सरळ वाटतो, कारण ‘थोर करणे’ या अर्थासाठी हिब्रूत मधले व्यंजन द्वित्त होते, जसे ‘गिद्दल्ती’ या नावात झाले आहे. मूळ हिब्रूत या नावाची ‘गदल्याहू’ आणि ‘गदल्या’ अशी दोन रूपे आहेत, पण त्यावरून माणसे वेगळी काढता येत नाहीत. यिर्मयाच्या ४०व्या अध्यायात एकाच माणसासाठी दोन्ही रूपे आलेली आहेत.

माणसे वेगळी काढायची ती वडिलांच्या नावावरून. ३८व्या अध्यायातला गदल्या हा पशहूराचा मुलगा. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला असताना, शरण जाल तर जगाल असे यिर्मया लोकांना सांगत होता. हा माणूस सैनिकांचे हात गळवतो आहे, याला ठार करा, अशी मागणी ज्या चार सरदारांनी सिद्कीया राजाकडे केली, त्यांत हा गदल्या होता. राजाने हात वर केले आणि संदेष्ट्याला दोरांनी एका हौदात सोडण्यात आले, ज्यात पाणी नव्हते, नुसता चिखल होता. त्याला बाहेर काढणाऱ्या एबद-मलेख या कूशी (आफ्रिकेतील कूश देशाच्या) सेवकाने दोर काचू नयेत म्हणून जुन्या चिंध्या खाली सोडल्या आणि त्या काखेत धरायला सांगितले. एवढ्या बारकाव्याने सांगितलेला प्रसंग मला ऐकीव वाटत नाही.

या पशहूरपुत्राबाबत एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. त्या काळी पपायरसच्या गुंडाळीला दोरी बांधून गाठीवर ओल्या मातीची लहानशी गोळी दाबत आणि तिच्यावर मोहोर उमटवत. यरुशलेमच्या ‘दावीदनगर’ भागात एलात मझार यांच्या उत्खननात २००८ मध्ये अशीच जेमतेम नखाएवढी गोळी मिळाली, आणि तिच्यावर ‘गदल्याहू, पशहूराचा मुलगा’ ही अक्षरे आहेत. त्याच्या तीन वर्षे आधी तिथून जवळच त्या चौघांपैकी आणखी एकाच्या, म्हणजे शलेम्याचा मुलगा युकाल याच्या नावाची गोळी सापडली होती.

दुसरा गदल्या हा अहीकामाचा मुलगा आणि शाफानाचा नातू. शाफान हा योशीया राजाचा चिटणीस; मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ त्यानेच राजाला वाचून दाखवला होता. अहीकामाने यिर्मयाला एकदा जमावाच्या हातून वाचवले होते. तेव्हा या घराण्याचा कल आधीपासूनच संदेष्ट्याकडे होता, आणि ४०व्या अध्यायात यिर्मया त्याच्याकडे जातो यात मतपरिवर्तन काहीच नाही. इ.स.पू. ५८७-८६च्या सुमारास यरुशलेम पडल्यावर बाबेलच्या राजाने मागे उरलेल्या गोरगरिबांवर याला अधिकारी नेमले. त्याने मिस्पा येथे बस्तान बसवले आणि लोकांना सांगितले की भिऊ नका, द्राक्षारस, फळे आणि तेल गोळा करून साठवा. नथन्याचा मुलगा इश्माएल तुझा खून करणार आहे, अम्मोनच्या राजाने त्याला पाठवले आहे, असे योहानान या सेनानायकाने बजावले असतानाही त्याने ते खोटे मानले. सातव्या महिन्यात इश्माएल दहा माणसांसह आला, एकत्र जेवायला बसला आणि त्याच पंगतीत त्याने गदल्याला कापून काढले. पुढे यात्रेकरूंचीही कत्तल करून त्यांची प्रेते त्याने एका हौदात टाकली. मूळ हिब्रूत त्या प्रेतांसंबंधी ‘गदल्याच्या हातून’ असे शब्द आहेत. मारले इश्माएलने, मग गदल्याचा हात कसा? तालमूद या यहुदी धर्मग्रंथातले उत्तर असे की, योहानानाचा सल्ला त्याने ऐकायला हवा होता आणि ऐकला नाही, म्हणून शास्त्राने ते मृत्यू त्याच्याच माथी मारले. मला हा निवाडा कठोर वाटतो, पण टाळता येण्यासारखा वाटत नाही.

लाखीश या प्राचीन नगराच्या अवशेषांत १९३५ मध्ये ‘राजगृहाचा कारभारी गदल्याहू’ अशी मोहोर असलेली गोळी मिळाली होती. ती याचीच, असे पुष्कळदा छातीठोकपणे लिहिले जाते. तिच्यावर वडिलांचे नाव नाही, त्यामुळे मी ‘असू शकेल’ याच्या पुढे जाणार नाही.

उरलेल्या तिघांबद्दल थोडक्यात. सफन्या १:१ मधला गदल्या हा सफन्या संदेष्ट्याचा आजोबा आहे. खुद्द सफन्याच योशीयाच्या काळातला, म्हणजे हा त्याहूनही जुना. १ इतिहास २५ मधला यदूथूनाचा मुलगा असून मंदिरात वीणेवर गाणाऱ्यांपैकी आहे. वर उल्लेखिलेला गिद्दल्ती याच अध्यायात आहे. एज्रा १०:१८ मधला याजक हा परजातीय बायका केलेल्यांच्या यादीतला आहे, आणि त्याच्याबद्दल याहून अधिक काही सांगितलेले नाही.

या पाचांपैकी स्मरणात राहिला तो मिस्पाचा. तिश्री या यहुदी पंचांगातल्या सातव्या महिन्याच्या तृतीयेला यहुदी लोक त्याच्या नावाने पहाटेपासून रात्र पडेपर्यंत उपवास करतात, आणि तो दिवस शब्बाथला, म्हणजे शनिवारी, आला तर उपवास रविवारी धरतात. आपल्या कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजात वर्षारंभाचा सण ‘नव्याचा सण’, आणि त्याच्या पाठोपाठ येणारा हा उपवास ‘नव्याचा रोजा’ म्हणून ओळखला जाई. मराठी नावात गदल्याचा उल्लेख उरला नाही, उपवास मात्र त्याचाच.