वेखंडाची डबी आणि दहा मिनिटं

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

आठवणी लिहायला बसलं की पान कोरंच राहतं, असं कळवलंस. अल्बम समोर घेऊन बसलं की असंच होतं. तोच फोटो सारखा पाहिला की मूळ प्रसंग पुसट होतो आणि फोटोच आठवू लागतो. अल्बम महिनाभर कपाटात ठेव. सुरुवात नाकापासून कर. वासाची वाट मेंदूतल्या घ्राणकंदातून (वास टिपणाऱ्या भागातून) थेट अमिग्डला आणि हिप्पोकॅम्पसकडे, म्हणजे भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांकडे जाते. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बऱ्याचदा पहिल्या दहा वर्षांतल्या निघतात.

मंडईच्या आसपास काष्ठौषधींची दुकानं आहेत. तिथून वेखंड, नागरमोथा, गवला कचोरा आणि शिकेकाई प्रत्येकी 10 ग्रॅम आण. घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यांत भर, नाहीतर सगळ्यांनाच वेखंडाचा वास लागेल. शाळेच्या वह्यांची खाकी कव्हरं आणि डिंकाची बाटलीही चालेल. एका बैठकीला एकच डबी. दोनतीनदा हलकेच हुंगायचं आणि झाकण लावायचं. हुंगतच राहिलास तर काही मिनिटांत नाक सरावतं, मग काहीच येत नाही.

त्यानंतर दहा मिनिटं हात थांबवू नकोस. वासाचं वर्णन मात्र नको, त्याचं काम झालं. उजेड कुठून येत होता? पायाखाली शहाबादी फरशी होती की सतरंजी? डोळ्यांसमोर ओट्याची कड होती की मोठ्यांचे गुडघे? (यावरून तेव्हाचं वय बरंच नेमकं कळतं.) हातात काय होतं? कोण बोलत होतं, आणि कोण गप्प होतं? खरा मजकूर बहुधा या शेवटच्या प्रश्नापाशी सापडतो, तिथे घाई करू नकोस.

‘पहिल्या पावसाचा मृद्गंध’, ‘आजीच्या हातची चव’ अशी वाक्यं आली की समज, आठवण अजून आलेली नाही. ती सगळ्यांची आहेत. खोडू नकोस, पुढे लिहीत राहा. तुझी वस्तू चौथ्या-पाचव्या ओळीत येते.

दुसरा धोका जास्त मोठा. मन रिकाम्या जागा आपणहून भरतं आणि भरलेलं खरंच वाटतं. शंका येईल तिथे समासात पेन्सिलने खूण कर, मग घरच्यांना विचार. विचारताना ‘भिंत निळी होती ना?’ असं नको, ‘भिंत कशी होती?’ असं विचार. पानशेतचा पूर तुझ्या घरात कितीही जिवंत असला तरी 12 जुलै 1961 ला तुझा जन्म झाला नव्हता. तो पाहिल्यासारखा लिहू नकोस. कोणी सांगितला, सांगताना कुठे थांबलं, तू तेव्हा काय खात होतास, हे लिही. ती आठवण अस्सल तुझी आहे.

एखाद्या वासाने जीव घाबरा झाला तर डबी बंद कर, खिडकी उघड. त्या दिवशी लिहायचं नाही.

कच्चं पान दोन दिवस तसंच ठेव. मग वाचताना तुलाच नवं वाटलेल्या वाक्याखाली रेघ मार आणि पुढची बैठक त्या वाक्यापासून सुरू कर. अशी तीन पानं झाली की समासातल्या खुणांसकट पाठव.

तुझा,
काका